मिररलेस घ्यावा की खिशात मावणारा? (नागपूर, बजेट पंच्याहत्तर हजार)

धरमपेठची_मेघा
नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

घरात कॅमेरा घ्यायचं ठरलंय. बजेट पंच्याहत्तर हजार, फार ताणलं तर ऐंशी. दोन नावांवर गाडी अडली आहे. एक कॅनन आर५० किट लेन्ससकट (सोबत येणारी साधी लेन्स), म्हणजे मिररलेसमधला, लेन्स बदलता येणाऱ्यांतला, सुरुवातीचा. दुसरा कॅननचाच जी७एक्स मार्क थ्री, जो कुर्त्याच्या खिशात मावतो.

उपयोग सांगते. मुलगी अडीच वर्षांची, एका जागी ठरत नाही. डिसेंबरात दिराचं लग्न आहे, हळद घरच्याच हॉलमध्ये. बाबा रिटायर झाल्यापासून सकाळी अंबाझरी तलावावर पक्षी बघायला जातात आणि थंडीत सगळ्यांना ताडोब्याला न्यायचं त्यांच्या मनात आहे. शिवाय मला स्वतःला मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो काढायचेत. दरवर्षी गर्दीत फोन वर धरून जे येतं ते लोकांच्या टकलांचं येतं.

नवरा म्हणतो फोन आहे की. दीर म्हणतो मिररलेसच घे वहिनी, पुढे लेन्सा वाढवता येतात. मला लेन्स बदलत बसायची हौस किती टिकेल, देव जाणे. अनुभवी लोकांनी सांगा. फोनवर चर्चा नको, प्लीज.

तर्रीबाज
फोनवर चर्चा नको म्हटलं की पहिला प्रतिसाद फोनवरच येते. बसलो पोहे घेऊन.

पुणेरी_पाहुणा
धागाकर्तीची क्षमा मागून: अडीच वर्षांच्या मुलीसाठी फोनच बरा. तो हातात असतो, फोटो लगेच आजी-आजोबांना जातो. पंच्याहत्तर हजार कपाटात ठेवण्यापेक्षा चांगला फोन घ्या. बाकी चालू द्या.

तर्रीबाज
बघा. मी काय म्हटलं होतं?

रानवेडा
पाहुणे, त्यांच्या यादीत ताडोबा आहे ते वाचलंत का? ताडोब्याच्या सफारीत मोबाइलला बंदी आहे, कॅमेऱ्याला नाही. तुमचा दीड लाखाचा फोन तिथे कामाचा नाही. जिप्सीसमोर वाघीण पिल्लं घेऊन रस्ता ओलांडते आणि फोनवाले नुसते हात चोळत बसतात, हे दृश्य मी पाहिलंय. एका अर्थी बरंच आहे म्हणा, लोक निदान डोळ्यांनी वाघ बघतात.

मेघाताई, सफारीचा हिशेब सांगतो. जी७एक्सचा झूम २४ ते १०० मिलिमीटर, फुलफ्रेमच्या म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या मापाने; आकडा मोठा तितकं जवळ दिसतं. १०० वर वाघ मिळतो, पण रस्ता, झाडं आणि पुढच्या जिप्सीची मागची सीट यांच्यासकट मिळतो. आर५० चा सेन्सर फुलफ्रेमहून लहान, म्हणून त्यावर ५५-२१० लेन्स लावली तर १.६ ने गुणा, ३३६ पर्यंत जाता. वाघाला पुरे. पक्ष्यांना ३३६ पण अपुरंच. बाबांचा खंड्या अंबाझरीच्या मधल्या दांडीवर बसला की फोटोत निळा ठिपका येईल. पक्ष्यांसाठी कॅननची आरएफ १००-४०० लेन्स घ्यावी लागते, ती या बॉडीवर ६४० पर्यंत जाते. पण मग बजेट गेलं खड्ड्यात.

सदरचा_शुभम
मी लग्नाचं काम करतो, तेव्हा माझं मत एकतर्फी समजा. मिररलेसच घ्या. आर५० चा फोकस माणसाचा डोळा पकडतो, प्राणी-पक्षीही ओळखतो. पळणाऱ्या पोराच्या मागे तो फोकस चिकटून राहतो. जी७एक्सचा फोकस जुन्या पद्धतीचा आहे, पुढे-मागे चाचपडत जागेवर येतो, तेवढ्यात पोरगी सोफ्यावरून खाली. आणि त्याला व्ह्यूफाइंडर नाही. मे महिन्यात दुपारी बारा वाजता स्क्रीनवर काही दिसतं का ते एकदा उन्हात नेऊन बघा.

कॅननचाच आर१०० स्वस्त पडतो म्हणून कोणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका. त्याचा स्क्रीन स्थिर आहे आणि टचही नाही. मारबतीत डोक्यावर धरून फोटो काढायचा असेल तर स्क्रीन वळलाच पाहिजे.

अवंती_क
मी आई या नात्याने उलट मत देते. आमच्याकडे मिररलेस होता, म्हणजे अजून आहे, कपाटात. मुलगा लहान असताना बाहेर पडायचं म्हणजे बाटली, डायपर, सुके कपडे, खाऊ. त्या बॅगेत कॅमेऱ्याची वेगळी बॅग कोण कोंबणार? जी७एक्स ३०४ ग्रॅमचा आहे. आर५० नुसता ३७५ आणि किट लेन्स १३०. वजनाचा फरक तसा फार नाही, पण त्या लेन्सचं बाहेर आलेलं नाक पर्समध्ये बसत नाही. ही गोष्ट दुकानात कळत नाही.

आता खिशातला वापरते. फोकस कधीमधी चुकतो, शुभम म्हणतो ते खरं. पण मी कॅमेरा बाहेर काढते तरी.

जुना_रोल
मी आग्फा क्लिक थ्रीवर शिकलेला माणूस. रोलवर बारा फोटो यायचे, त्यातले चार नातेवाइकांचे डोके कापलेले. तेव्हा माझा अधिकार किती ते समजून घ्या.

वर सगळे झूम आणि वजनावर बोलले. हळद घरच्या हॉलमध्ये आहे, त्याबद्दल कोणी बोललं नाही. तिथे खरा प्रश्न उजेडाचा आहे आणि तिथे 'मिररलेस म्हणजे मोठा सेन्सर म्हणजे अंधारात भारी' हे गणित फसतं.

जी७एक्सचा सेन्सर एक इंची म्हणतात, प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. आर५० चा २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ काढा, आर५० चा साधारण पावणेतीनपट भरतो. इथपर्यंत शुभम जिंकला. आता लेन्स बघा. एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते. जी७एक्सची लेन्स रुंद टोकाला एफ १.८ पर्यंत उघडते. आर५० बरोबर येणारी १८-४५ एफ ४.५ लाच अडते. एफ १.८ ते एफ ४.५ म्हणजे काचेतून सहापटीहून जास्त प्रकाश. सहाला पावणेतीनने भागा. म्हणजे किट लेन्स लावलेल्या आर५० पेक्षा या खिशातल्या खेळण्याच्या सेन्सरवर एकूण प्रकाश दुप्पट पडतो. झूम केल्यावरही जवळपास तेच, तो एफ २.८ वर आणि किट लेन्स एफ ६.३ वर.

म्हणून किट लेन्सवरच थांबायचं असेल तर मिररलेस घेऊन घरातले फोटो सुधारणार नाहीत. आणखी एक उजेडाची लेन्स घ्यायची तयारी असेल तरच त्या मोठ्या सेन्सरचे पैसे वसूल.

गणित_मास्तर
काका, आदर राखून असहमत. एफ १.८ म्हणजे एफ १.८. लाइट मीटर घेऊन बघा, सेन्सर कोणताही असो, शटर तेवढंच येतं. सेन्सरच्या आकाराने एफ बदलून मोजायची ही समतुल्यतेची भानगड यूट्यूबवाल्यांनी काढली आहे.

जुना_रोल
मास्तर, शटर तेवढंच येतं हे मान्य. एक्सपोजर म्हणजे दर चौरस मिलिमीटरला पडणारा प्रकाश. पण फोटोत दाणे किती दिसतात ते एकूण प्रकाशावर ठरतं, कारण शेवटी दोन्ही फोटो आपण एकाच आकारात बघतो. लहान निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढला की दाणे फुगायचे, तेच आहे. ३५ मिमी आणि १२० चा रोल, एकच फिल्म, एकच एक्सपोजर. दहा बाय बारा काढून शेजारी ठेवा. यूट्यूब तेव्हा नव्हतं.

गणित_मास्तर
हं. निगेटिव्हचं उदाहरण पटलं. पण मग सेन्सर नवा-जुना असण्याचा फरक?

जुना_रोल
थोडा असतोच. पण दुप्पट प्रकाशाचा घाटा भरून निघण्याइतका नाही.

सदरचा_शुभम
काकांचं गणित बरोबर आहे, म्हणूनच आम्ही किट लेन्स डब्यातून काढत नाही. :) मेघाताई, आरएफ ५० एफ १.८ घ्या. कॅननची स्वस्तातली लेन्स आहे. तिच्यासमोर खिशातला कॅमेरा टिकत नाही.

अवंती_क
पण ५० ला १.६ ने गुणलं की ८० होतं ना? आमच्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये ८० लावलं तर मला हळदीचे फोटो काढायला जिन्यात जावं लागेल.

सदरचा_शुभम
हाहा, बरोबर. चेहऱ्यांना मस्त, ग्रुपला नाही. सिग्माची १८-५० एफ २.८ आता कॅननच्या आरएफ माउंटला (लेन्स बसते ती खाच) मिळते, ती हॉलला योग्य. पण ती घेतली की बजेट मोडलं.

तर्रीबाज
म्हणजे सत्तरचा कॅमेरा, वरतून लेन्स, मंग ताडोब्याची लेन्स, मंग पक्ष्याची लेन्स. वहिनी, तुमचा दीर लग्न करून राहिला ना? त्याले अहेरात मागा.

कूलरसमोर
मॅन्युअल वाचणारा मी एकटाच दिसतोय. या सगळ्या कॅमेऱ्यांवर वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. म्हणजे नागपुरात एप्रिल अर्धा, मे पूर्ण आणि जूनचा पहिला पंधरवडा कॅमेरा अर्जित रजेवर.

विनोद सोडा, फोटोला फारसं होत नाही. व्हिडिओला होतं. लहान कॅमेऱ्यात उष्णता जायला जागा नसते, उन्हात फोरके लावला की थोड्या वेळात तापल्याची खूण येते आणि बंद. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कोणताच ठेवू नका.

आणि दुसरं, ज्यावर कोणी बोलत नाही: कूलर. खस ओली, खोली थंड, हवेत दमट वास, आणि त्याच खोलीत कपाटावर कातडी बॅगेत कॅमेरा. बाहेर ४५ आहे म्हणून आपल्याला वाटतं कोरडं शहर, बुरशी कसली? पण कूलरच्या खोलीत उन्हाळाभर पावसाळाच असतो, आणि जूननंतर खरा पावसाळा. माझ्या एका लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी आली. हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडी करून परत टाका. डबा कूलरच्या खोलीत ठेवू नका. शंभर-दोनशेचं काम आहे.

इतवारीकर
मारबतीबद्दल मी सांगतो, आमच्या गल्लीतूनच जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून इथे पाय ठेवायला जागा नसते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी त्याच्यानंतरची, आणि संगं बडगे, सगळे पुतळेच. पोट्टे नाचून राहिले, गुलाल उडून राहिला, वरून पाऊस. या गर्दीत लेन्स बदलायची गोष्टच काढू नका ताई. बॉडी उघडली का गुलाल सेन्सरवर. लेन्सवाला कॅमेरा असन तर घरून एक लावून निघा, संध्याकाळपर्यंत तीच.

आन गळ्यात मोठा कॅमेरा दिसला का लोक पोझ देतात, नाहीतर 'कोणत्या पेपरचे?' विचारतात. लहान कॅमेरा असला का कोणी पाहत नाही. मला तर त्या गर्दीले लहानच बरा वाटते. आमच्या माडीवर या, वरून मस्त दिसते.

धरमपेठची_मेघा
इतवारीकर, माडीचं निमंत्रण लेखी समजते. :)

काका, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, म्हणजे फोनचा सेन्सर त्याहून लहान, तर फोन बाद? मी म्हटलं, हेच तर म्हणतेय मी.

धूळपाटी
खिशातल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक प्रश्न. धुळीचं काय? ती लेन्स आत-बाहेर सरकते तेव्हा पंपासारखी हवा ओढते, हवेबरोबर धूळ. मिररलेसचा सेन्सर ब्लोअरने फुंकता येतो. बंद कॅमेऱ्यात आत धूळ गेली की पूर्ण उघडावा लागतो. माझा असा एक कॅमेरा (कंपनी सांगत नाही, जुना विषय) जंगलाच्या कच्च्या रस्त्यावर एका मोसमातच आकाशात डाग दाखवायला लागला. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी चहा मागवला.

अवंती_क
झिपलॉकची पिशवी. जिप्सी चालू असताना पिशवीत, थांबली की बाहेर. आणि पर्समध्ये मोकळा टाकायचा नाही, खिशातला कापडाचा भुसा सगळ्यात वाईट.

रानवेडा
जिप्सीत धूळ सगळ्यांनाच. उन्हाळ्यात परत आल्यावर भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. मिररलेसवाल्यांनी पण गेटच्या आधी लांबची लेन्स लावावी आणि बाहेर येईपर्यंत हात लावू नये. मग जंगलाचं रुंद दृश्य कशाने काढायचं? फोन तर नाही. तिथे जुनेजाणते दोन कॅमेरे नेतात, गळ्यात मोठा आणि खिशात लहान. म्हणजे या धाग्याचं उत्तर: दोन्ही घ्या.

तर्रीबाज
वा रे सल्लागार. मेघावहिनी, रानवेडा भाऊचा यूपीआय मागून घ्या.

रस्त्यावरचा_मी
रिको जीआर थ्रीचं नाव कोणी काढलं नाही? सेन्सर मिररलेसएवढा, वजन २५७ ग्रॅम, खरंच खिशात जातो. महालातल्या जुन्या वाड्यांत, बर्डीच्या फुटपाथवर त्याच्यासारखा कॅमेरा नाही.

सदरचा_शुभम
झूम नाही, फ्लॅश नाही, स्क्रीन वळत नाही. वाघ २८ मिलिमीटरवर. शुभेच्छा.

रस्त्यावरचा_मी
वाघाजवळ जायचं.

तर्रीबाज
मंग कॅमेरा परत आणाले कोण जाईन?

पुणेरी_पाहुणा
सोनी आरएक्स१०० मार्क सेव्हन? २४ ते २०० झूम, फोकस वेगवान, व्ह्यूफाइंडर टुणकन वर येतो. मेघाताईंच्या सगळ्या गरजा एका डबीत. (फोनवरून माघार घेतली आहे, नोंद घ्यावी.)

जुना_रोल
कॅमेरा सुरेख, पण त्यांच्या बजेटच्या बराच वर जातो. आणि झूम वाढवला की लेन्स अंधारी होते, २०० ला एफ ४.५. पहाटेच्या सफारीत दाणे येणार. हळदीत जी७एक्सच सरस.

बर्डीवरचा_बाळू
खरेदीबद्दल दोन शब्द. जी७एक्सला रील्सवाल्यांनी डोक्यावर बसवून ठेवलंय, त्यामुळे तो सहजासहजी मिळत नाही आणि मिळाला तर काही जण छापील किमतीच्या वर मागतात. 'बिल नको, पाच हजार कमी करतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. तो माल बाहेरून आलेला असतो, भारतातली वॉरंटी लागत नाही. माझ्या मेव्हण्याला एका दुकानाने असाच टेकवला, सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर टाकला तर निघाला दुसऱ्या देशाचा. जीएसटीचं बिल, त्यावर कॅमेऱ्याचा सिरियल नंबर, आणि वॉरंटी कार्डावर शिक्का. दुकानातच डबी उघडून नंबर जुळवा.

घ्यायच्या आधी आर५० दोन दिवस भाड्याने घेऊन बघा. लग्नाचं काम करणाऱ्यांना कॅमेरे भाड्याने देणारे शहरात आहेत. शनिवार-रविवार मुलीच्या मागे पळा, सोमवारी तुम्हालाच कळेल.

धरमपेठची_मेघा
हा सल्ला मानला. आर५० भाड्याने आणला, शुभमने सांगितलेल्या ५० लेन्ससकट. फोकसबद्दल तो म्हणाला ते अक्षरशः खरं आहे. मुलगी झोक्यावर, मागे बोगनवेल, झोका पुढे येतोय आणि डाव्या डोळ्याची पापणी स्पष्ट. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. आणि अवंती म्हणाली तेही खरं. घरात ग्रुप फोटोसाठी मला बाल्कनीच्या दारापर्यंत मागे सरकावं लागलं, तरी सासूबाई अर्ध्याच आल्या. रविवारी फुटाळ्याला जाताना कॅमेरा घरी राहिला. कोणी मुद्दाम ठेवला नाही, हातात मुलगी होती.

जुना_रोल
सासूबाई अर्ध्या आलेला फोटो डिलीट केलात ना? बाकी निर्णय नंतर.

अवंती_क
फुटाळ्याच्या वाक्यातच उत्तर आहे.

सदरचा_शुभम
झोक्याच्या वाक्यात आहे. ताई, आज घरी राहिला म्हणून दरवेळी राहील असं नाही. मुलगी चार वर्षांची झाली की हात मोकळे होतात.

रानवेडा
आणि बाबांचे पक्षी? त्यांना कोणी विचारलंय का? सगळा धागा मेघाताईंच्या पर्समध्ये अडकलाय.

धरमपेठची_मेघा
रानवेडा, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री बाबांना फोन केला. लेन्सचं सगळं समजावून सांगितलं, १००-४०० काय, ६४० काय. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "अगं, मला फोटो कुठे काढायचेत? गोरेवाड्याला त्या ग्रुपमधल्या एकाकडे दुर्बीण आहे, तशी मिळाली तर बघ."

म्हणजे पक्ष्यांची लेन्स माझ्या यादीत मीच घातली होती, त्यांनी कधी मागितलीच नव्हती. आता असं ठरतंय: जी७एक्स, बर्डीत रीतसर बिलावर मिळेल तेव्हा, तोवर थांबायची तयारी आहे. उरलेल्या पैशांत बाबांना दुर्बीण. ताडोब्यात वाघ लांब दिसला तर मीही तीच मागून घेईन. लग्नाला दीर शुभमसारखा कोणीतरी लावतोच आहे.

सदरचा_शुभम
'शुभमसारखा' का, शुभमच लावा. :) झोक्याचा फोटो मात्र मोठा प्रिंट करून लावा, जी७एक्स घेतल्यावर रोज दिसू दे.

तर्रीबाज
एवढ्या चर्चेत नवरा काय म्हणते आता?

धरमपेठची_मेघा
म्हणतो, दुर्बिणीला फोन लावून फोटो निघतात म्हणे.

तर्रीबाज
भैताड. (प्रेमाने.)

धरमपेठची_मेघा
जाता जाता एकच: दुर्बीण ८×४२ की १०×४२? दुकानदार दहाचीच घ्या म्हणतोय, जास्त जवळ दिसतं म्हणून.

रानवेडा
आठची घ्या. दहामध्ये हाताचा कंपही दहापट होतो, आणि तुमचे बाबा ती रिकाम्या हाताने धरणार आहेत, स्टँडवर नाही. आठमध्ये दिसणारं क्षेत्र रुंद असतं, झुडपात हललेला पक्षी पटकन सापडतो. शिवाय ४२ म्हणजे पुढच्या काचेचा मिलिमीटरमधला व्यास, त्याला ८ ने भागा, सव्वापाच मिलिमीटर रुंद प्रकाशझोत डोळ्यात येतो, दहामध्ये ४.२ चा. सकाळी सहाला अंबाझरीवर धुकं असताना हा फरक कळतो. चष्मा लावत असतील तर चष्म्यासकट डोळ्याला लावून बघायला सांगा, कडा काळी दिसली तर दुसरी मागा.